शोरूमला दोन वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर, ५० हजार सोडतायत, घेऊ का?

कोरडवाहू_बार्शी
राम राम मंडळी. १४ एकर रान, सोयाबीन तूर ज्वारी, जुना ट्रॅक्टर पाडव्याच्या आत बदलायचाय. तालुक्याच्या शोरूमला ४५ एचपीचा एक पीस मार्च २०२४ पासून उभाय, त्याच मॉडेलला आता नवीन बॉनेट नि लाईट आल्यात म्हणून हा कुणी घेईना. मीटरला १९ तास. जुना रेट ७ लाख ८४ हजार, त्यातून ५० हजार सोडतो म्हणतोय, वर हूक-बंपर फुकट. नवीन मॉडेल ७ लाख ६५ ला बसतंय. आबा म्हणतात लोखंड काय शिळं होतंय व्हय, घेऊन टाक. पण मला धाकधूक वाटतीय.

हिशोबी_गडी
भाऊ, जुन्या मॉडेलचा रेट नव्यापेक्षा जास्त कसा, हे खटकलं नाही का? तो रेट १२ टक्के जीएसटीच्या वेळचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरला ५ टक्के लागतो, आणि माल कधीचा का पडून असेना, बिल आज फाडलं की आजचाच टॅक्स. आता मांडा, ७ लाख मूळ किंमत, १२ टक्क्यानं ७,८४,००० आणि ५ टक्क्यानं ७,३५,०००. म्हणजे ४९ हजार सरकारनं सोडले, डीलरनं खिशातून १ हजार. आधी कोटेशनवर मूळ किंमत आणि टॅक्स वेगळा लिहून घ्या, सूट त्याच्या खाली मागा.

काळंऑइल
मी मेकॅनिक आहे, १९ तासाचं बोलतो. यार्डात नुसता पुढंमागं केला तर एवढे तास होत नाहीत, ह्यानं डेमोला रान मारलंय. पीटीओ शाफ्टचे, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे दात बघा, कोऱ्या मशीनला रंग असतो, रोटाव्हेटर जोडलेला असला की चकाकतात. खालच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या दांड्याच्या) भोकातला रंग उडालाय का तेही बघा. टायरवर चार आकडे असतात, ०९२४ म्हणजे २०२४ चा नववा आठवडा. बॅटरी तर गेलीच समजा, नवीन मागून घ्या. लय दिवस उभा असला की क्लच प्लेट चिकटते, गिअर टाकताना खर्र करतो. उंदरानं वायरिंग कुरतडलंय का बॉनेट उघडून बघा. आणि सकाळी न सांगता जावा, बॉनेटला हात लावून गार असतानाच तुमच्यासमोर स्टार्ट करायला लावा, फोन करून गेलात तर ते गरम करून ठेवतात

ढेकळातला_राजा
वरचं सगळं बरोबर, पण चेसिस नंबर कंपनीच्या सिस्टीमला टाकून वॉरंटी चालू झालीय का ते स्क्रीनवर बघा. माझ्या चुलत्याला असाच उभा पीस दिला, मार्चएंडला टार्गेट भरायचं म्हणून डीलरनं तो कागदावर आधीच विकलेला दाखवला होता, वर्षभराची वॉरंटी शोरूममध्येच संपली राव. आणि आरसीवर साल २०२४ च येणार, पाच वर्षांनी विकायला काढला की गिऱ्हाईक त्या सालावरच पाडून मागतंय. महाडीबीटीला, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलला अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल फाडू नका, अनुदान जाईल.

कोरडवाहू_बार्शी
अर्ज नाही केलेला. आज सकाळी न सांगता गेलो. मागचे टायर २०२३ चे निघाले, पुढचे २०२४. पीटीओचे दात आरशासारखे, विचारलं तर म्हणला दोनदा डेमोला नेलता, मग आधी का नाही सांगितलं बाबा. वॉरंटी मात्र चालू झालेली नाही, स्क्रीनचा फोटो काढलाय. टॅक्सचा हिशोब कागदावर मांडल्यावर गडी जरा नरमला, चहा मागवला, नवीन बॅटरीसकट ७ लाख ५ हजारावर आलाय.

काळंऑइल
७ च्या आत आणा. स्टार्ट कसा झाला ते सांगितलंच नाही?

कोरडवाहू_बार्शी
झालाच नाही, बॅटरी उतरलेली, दुसऱ्या ट्रॅक्टरला वायर लावून चालू केला. थोडा पांढरा धूर टाकला मग साफ झाला, क्लचची खर्र नाही आली. सोमवारी बॅटरी बदलून ठेवतो म्हणालाय, तेव्हा रोटाव्हेटर लावून तासभर रानात चालवून बघणार. आबा तेवढ्यात सीटवर बसून आले, आता दुसरं मॉडेल बघायलासुद्धा यायला तयार नाहीत 😀