मदत हवी आहे: कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार कशी द्यायची? (नाशिक)

सातपूरकर८८
कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूचं, नाव लिहीत नाही. बहिणीला प्रोजेक्ट गाइड त्रास देतोय. रात्री-अपरात्री मेसेज, कामाशिवाय केबिनला बोलावणं, पुढचं समजून घ्या. प्राचार्यांच्या कानावर घातलं. "बघतो" म्हणाले, ते बघतच आहेत. समितीचा बोर्ड जिन्याखाली लावलाय, त्यावरच्या अध्यक्ष मॅडम कधीच रिटायर झाल्या, खालचा नंबर लागत नाही. आता कुठे जायचं? "चांगला वकील बघा" हे सांगू नका, तेवढं कळतं.

गोदाकाठ
ती तिथे शिकते की नोकरीला आहे? शेवटचा प्रकार कधीचा? प्राचार्यांना लेखी दिलं की तोंडी?

सातपूरकर८८
शिकतेच, म्हणून तर गाइड. तोंडी.

मिसळ_विथ_पापड
समिती-बिमिती सगळा वेळकाढूपणा. सरळ पोलीस स्टेशन. भारतीय न्याय संहिता, कलम ७५ लैंगिक छळ, ७८ पाठलाग, त्यात फोनवरून मागे लागणंही येतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. एकदा गुन्हा दाखल झाला की प्राचार्य पळत येतील.

बाहेरची_सदस्य
मी एका कॉलेजच्या समितीवर बाहेरची सदस्य आहे, म्हणून लिहिते. पोलीस आणि समिती हे दोन वेगळे रस्ते, एकामुळे दुसरा बंद होत नाही. पण पुढच्या परीक्षेत तिचे मार्क या माणसाच्या हातात राहू नयेत, हे एफआयआरने आपोआप होत नाही.
कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. कॉलेज-विद्यापीठांसाठी त्यावर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे विनियम आहेत, ते विद्यार्थिनींनाही लागू. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी लागतात, आणि कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा पदावरच्यांना बसता येत नाही. चौकशी चालू असताना गाइडला तिचं काम तपासण्यापासून, परीक्षा घेण्यापासून दूर ठेवायची शिफारस समिती करू शकते. तक्रारीतच ही मागणी लिहा.
कानावर घालणं म्हणजे तक्रार नव्हे. लेखीच लागते.

दिंडोरी_रोड_वाला
शक्ती कायदा आलाय ना महाराष्ट्रात? त्यात तर फाशी आहे.

गोदाकाठ
नाही आला. २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली नाही. पोस्टर लागली, कायदा लागला नाही.
सातपूरकर, तारीख राहिली सांगायची.

निमाणीची_बस
कलेक्टर कचेरीत स्थानिक समिती असते, तिकडे द्या की.

बाहेरची_सदस्य
ती मुख्यतः दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर. कॉलेजला स्वतःची समिती नेमावीच लागते. नसेल तर कायद्यात पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. अर्जाची प्रत विद्यापीठाला आणि यूजीसीला लावा, बोर्डावरची नावं आठवड्यात बदलतात.

आई_पंचवटी
अवांतर: मुलगी यंदा बारावी झाली. कॉलेज रोडच्या बाजूला मुलींचं चांगलं होस्टेल कुणाला माहीत आहे का? रात्री रिक्षा मिळते का?

मिसळ_विथ_पापड
ताई, वेगळा धागा काढा हो. आणि समितीवाले, तुमच्याकडेही चौकशी नव्वद दिवस. तोवर पोरीने काय करायचं?

बाहेरची_सदस्य
नव्वद ही कमाल मर्यादा आहे. आणि घाई करूनही भागत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात चौकशी घाईघाईत उरकली, बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवलं. तक्रार करणाऱ्या मुलींना पुन्हा चौकशीचा फेरा.

कट्टा_सभासद
आणि मुलांना त्रास झाला तर? सगळे कायदे बायकांचेच.

गोदाकाठ
यूजीसीच्या विनियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. वाचा. इथे प्रश्न तो नाही.

सातपूरकर८८
शेवटचा मेसेज २४ फेब्रुवारीचा. मग तिने ब्लॉक केलं. जूनमध्ये प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, मार्क त्याच्याकडेच.

गोदाकाठ
हे आधी सांगायला नको? आज १७ मे. शेवटच्या प्रकारापासून तीन महिने ही मुदत. पुढे समिती कारण लिहून आणखी तीन महिने देऊ शकते, पण तिच्या मर्जीवर कशाला राहायचं? याच आठवड्यात द्या.

बाहेरची_सदस्य
एक विचारायचं राहिलं. तिला स्वतःला तक्रार करायची आहे ना? सही तिचीच लागते. ती शरीराने किंवा मनाने लिहिण्याच्या स्थितीत नसेल, तरच नातेवाईक देऊ शकतात. आणि समिती सात दिवसांत तक्रारीची प्रत त्या गाइडला पाठवते. हे तिला आधी सांगा, प्रत त्याच्या हातात पडल्यावर कळायला नको.

सातपूरकर८८
करायची आहे. आई नको म्हणते. काल तिने स्वतःच दोन पानं लिहून काढली, तारखांसकट. समितीच नसेल तर द्यायची कुणाला?

बाहेरची_सदस्य
"अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती, द्वारा प्राचार्य" असं लिहा, पाकीट बंद करून आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. क्लार्क "साहेब सुट्टीवर" म्हणाला तर स्पीड पोस्ट. कॉलेज-ग्रुपवर काही टाकू नका, नावं गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिचा फोन फॉरमॅट करू नका, स्क्रीनशॉटसोबत मूळ चॅट हवा. सहा प्रती, साक्षीदार असतील तर त्यांची नावं-पत्ते.

सातपूरकर८८
स्क्रीनशॉटच्याही सहा?

बाहेरची_सदस्य
हो. ब्लॅक अँड व्हाइट चालतात, फक्त तारीख-वेळ दिसू द्या.

मिसळ_विथ_पापड
आणि एफआयआर.