मदत हवी आहे: रॅम ४ ची १६ जीबी केली आणि सर्व्हर जास्तच पडायला लागला

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तक वितरकाकडे बिलिंगचा सर्व्हर सांभाळतो. जुनं लिनक्स, वर बिलिंगचं जावा ॲप चालवणारा टॉमकॅट आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल. कोणी बसवलं देव जाणे, चालतंय म्हणून हात लावला नव्हता.

शाळा उघडायच्या सुमारास काउंटरवर उभं राहायला जागा नसते. गेल्या वर्षी त्याच दिवसांत टॉमकॅट 'आउट ऑफ मेमरी' म्हणून पडायचा, म्हणून यंदा रॅम वाढवली. टॉमकॅट पडतोच, वर आता ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग) मायएसक्यूएललाही मारतो. तेव्हा बघावं तर ११ जीबी मोकळी! मालक काका रोज विचारतात, "पैसे मोजलेली रॅम गेली कुठे?"

जावाला ४ जीबी हीप (त्याच्या डेटासाठीची मेमरी) दिली की ते सुरूच होत नाही. युनेम कमांडमध्ये आय६८६ (म्हणजे ३२ बिट) येतं, कर्नल पीएईवाला (३२ बिटवरही ४ जीबीच्या वर रॅम वापरणारा) आहे. ६४ बिटवर गेलो तर फरक पडेल की नुसताच कुटाणा?

प्रतिसाद १
पीएईमुळे कर्नल ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळतो, पण प्रत्येक प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) मेमरीतला पत्ता ३२ बिटांचाच, म्हणजे ४ जीबी. त्यातला १ कर्नलचा, उरले ३. थ्रेड, लायब्ऱ्या सगळं त्यातच. ४ जीबीची हीप मावणार कुठे?

मायएसक्यूएलचं दुखणं वेगळं असावं. कर्नलला स्वतःसाठी सरळ वापरता येते ती साधारण पहिली ८९६ एमबी, म्हणजे लो मेमरी. रॅमच्या दर ४ केबी पानामागे ३२ बाइटची नोंद तिथेच बसते. ४ जीबीला ३२ एमबी लागायचे, १६ ला १२८. म्हणजे रॅम वाढवून तुम्ही कर्नलचीच जागा खाल्लीत! ती संपली की बाकी कितीही मोकळी असो, किलर सुटतो. फ्री कमांडला -एल लावा आणि 'लो'ची ओळ इथे टाका.

धागाकर्ता
सकाळी ११ लाच ४० एमबी उरले होते. दुपारी बघायची हिंमत झाली नाही.

प्रतिसाद २
मग ६४ बिटच. सीपीयूइन्फोत एलएम फ्लॅग (सीपीयू ६४ बिटचा असल्याची खूण) आहे ना, बघून घ्या. पॉइंटर (प्रोग्रॅममध्ये साठवलेला मेमरीचा पत्ता) ४ चा ८ बाइट होतो, त्यामुळे तोच प्रोग्रॅम थोडी जास्त मेमरी खातो. जावा मात्र ३२ जीबीच्या आतल्या हीपला पॉइंटर ४ बाइटांतच दाबून ठेवतं, त्याची काळजी नको. खरा फायदा मायएसक्यूएलचा: बफर पूल (डेटा रॅममध्येच धरून ठेवायची जागा) ६ जीबी देता येईल, डिस्कच्या फेऱ्या वाचतील. भिकार क्वेरी मात्र भिकारच राहणार.

आहे त्यावरच अपग्रेड करू नका. नवी डिस्क, कोरं इन्स्टॉल, डेटाबेसचा डम्प (सगळ्या डेटाची फाइल) काढून भरा. तेही सीझन संपल्यावर. तोवर बूटला मेम=८जी द्या, म्हणजे कर्नल ८ च जीबी रॅम धरेल आणि नोंदींची ६४ एमबी सुटेल.

धागाकर्ता
लावलं. आज दिवसभर मायएसक्यूएल जिवंत आहे, आभार. आता स्क्रीनवर ८ च जीबी दिसतात आणि काका नुकतेच मागे उभे राहून बघून गेलेत.