व्यायामानंतर शुगर उतरायच्या ऐवजी चढतेय, अर्जंट मदत हवी आहे

वैतागलेला:
जिमला जाताना १३४, आल्या आल्या १८१. आज तिसरा दिवस, रोज हेच. येलच्या जेराल्ड शुलमन यांच्या १९९० च्या संशोधनाबद्दल वाचलं, टाईप २ वाल्यांच्या स्नायूत साखरेचं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) बनायचा वेग निरोगी माणसाच्या निम्म्याहूनही कमी भरला म्हणे. म्हणजे माझे स्नायू साखर घेतच नाहीयेत का? मग घाम कशाला गाळायचा? उद्या पहाटे परत जायचंय, लवकर सांगा.

बायोकेमवाली:
कसला व्यायाम? उपाशीपोटी का? गोळ्या कुठल्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

खडूस काका:
मशीन कुठलं वापरता? हात धुता का आधी? मी एकदा फळ सोलून तसंच बोट टोचलं, आकडा बघून घाम फुटला.

वैतागलेला:
हात धुतो हो काका. मशीनचं विचारलंच नाहीये. व्यायाम म्हणजे सगळे करतात तोच.

पोटरीबहाद्दर:
जिम सोडा. ह्यूस्टन विद्यापीठाच्या मार्क हॅमिल्टन यांचं २०२२ चं काम वाचा. खुर्चीत बसायचं, चवडा जमिनीवर, टाच वर-खाली. पोटरीतला सोलियस स्नायू वजनाच्या जेमतेम १% पण साखर ओढतो बघा कशी. मी ऑफिसात दिवसभर करतो, टेबल हलतं म्हणून शेजारचा वैतागलाय.

रात्रपाळी:
त्या प्रयोगातली माणसं तासन्‌तास करत होती आणि स्नायूला इलेक्ट्रोड लावून नीट शिकवलं होतं त्यांना. दहा मिनिटं पाय हलवून काही होत नसतं. आणि शुलमन शुलमन काय लावलंय, स्नायू साखर घेत नाहीत कारण चरबी साखरेच्या आड येते, हे ब्रिटिश संशोधक रँडल यांनी १९६३ लाच सांगितलंय.

बायोकेमवाली:
रँडल यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते साखर पेशीत शिरते आणि आत गेल्यावर अडते, तसं असतं तर आत ग्लुकोज-६-फॉस्फेट, म्हणजे आत शिरलेल्या साखरेचं पहिलं रूप, साचायला हवं होतं. शुलमन यांच्या गटाने माणसांना शिरेतून चरबी देऊन, जिवंत स्नायूत एमआर (एमआरआयच्याच जातीचं तंत्र) लावून मोजलं तर ते उलट कमी झालेलं. म्हणजे अडचण दारातच. ते दार म्हणजे ग्लुट-४, साखर आत नेणारं प्रथिन. इन्सुलिनचा निरोप पोचला की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं, तुमच्या बाबतीत निरोपच नीट पोचत नाही.
पण स्नायू आकुंचन पावला की तेच दार इन्सुलिनशिवाय, दुसऱ्या वाटेने वर येतं. म्हणून घाम फुकट जात नाहीये.

रात्रपाळी:
मग धावपटूंच्या स्नायूत पण चरबी सापडते, त्यांना का नाही डायबिटीस?

बायोकेमवाली:
ते ती रोज जाळतात. नुसत्या साठ्यापेक्षा डायग्लिसराइडसारखे चरबीचे अर्धवट तुकडे नडतात असं शुलमन म्हणतात, सेरामाइड या दुसऱ्या चरबीला दोष देणारे वेगळं म्हणतात, ते भांडण अजून चालू आहे. वेगळा धागा काढा, इथे माणूस अडकलाय.

वैतागलेला:
धन्यवाद पण १८१ चं काय???

बायोकेमवाली:
माझ्या प्रश्नांची उत्तरं???

वैतागलेला:
सॉरी. उपाशीपोटी, डेडलिफ्ट आणि स्क्वॉट, जड. गोळी ग्लिक्लाझाईड, नाश्त्याबरोबर.

बायोकेमवाली:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. जड वजन उचललं की अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि लिव्हर रक्तात साखर ओतते, स्नायूंना ओढता येते त्यापेक्षा जास्त. ती साखर स्नायूतून आलेली नाही, स्नायूकडे आपलं ग्लायकोजेन ग्लुकोज करून रक्तात सोडायचं एन्झाइमच नसतं. आल्या आल्या मोजून घाबरू नका, दीड-दोन तासांनी परत मोजा. आणि मुख्य म्हणजे व्यायामानंतर स्नायू दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीही जास्त साखर ओढतात, त्यात ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून शुगर फार खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला तर आधी मोजा, साखर जवळ ठेवा. डोसचं डॉक्टरांशी बोला, स्वतः कमीजास्त करू नका.

पोटरीबहाद्दर:
तरी पण सोलियस करून बघाच.

वैतागलेला:
अपडेट: आज आल्यावर १७६, दोन तासांनी ११८!! मधे फक्त पाणी. नाश्ता आणि गोळी आत्ता घेतोय, डॉक्टरांची वेळ पण घेतली. तीन दिवस उगाच बायकोवर चिडचिड केली.

खडूस काका:
मशीन कुठलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीतच.