अनुभव धागा: रात्री साडेनऊची गोडाची हुक्की

कुरडई

जानेवारीत काट्यावर ८१ किलो होते, आज ७५.५ आहे. जे उतरलं ते तेल-भात आवरून आणि रोज सकाळी टेकडी चढून उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रात्री साडेनऊची आहे. भांडी आवरली, ओटा पुसला, की पाय आपोआप फ्रिजकडे वळतात. परवा नारळाच्या वड्यांसाठी आणलेला कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडला आणि फ्रिजच्या उजेडात, उभ्याउभ्या, चमच्याने अर्धा संपवला. भूक नव्हती. चवही आठवत नाही, नुसतं गोड होतं एवढंच.

म्हणून विचारतेय. तुम्हाला हुक्की कधी येते, नेमकं काय मागते, आणि तुम्ही काय केलंत? फसलेलंही लिहा, किंबहुना फसलेलं आधी लिहा. एकच विनंती: "मनावर ताबा हवा" हे लिहू नका. ते सांगायला घरी सासूबाई आहेत.

अर्धीवाटी

माझी चोरी चहात सापडली. मिठाई मला फारशी आवडत नाही, त्यामुळे "मी गोड खातच नाही" असं छातीठोकपणे सांगायचो. बायकोने एके दिवशी कागद घेतला. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस आहे की वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळं धरून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत राहावं, आणि ५ टक्क्यांच्या आत आलं तर आणखी बरं. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. माझा कोटा पाचव्या कपाला संपत होता आणि मी लोकांना जिलबीवरून शहाणपण शिकवत होतो.

आधी एकदम बिनसाखरेचा सुरू केला, तिसऱ्या दिवशी सोडला. मग दर पंधरा दिवसांनी फक्त पाव चमचा कमी केला. तेवढं जिभेला कळत नाही. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला तीन महिने लागले. आता अमृततुल्यचा चहा पाक प्यायल्यासारखा लागतो. त्याबरोबर बिस्किटंही सुटली, ते बरं झालं. आजाऱ्याला देतात त्या साध्या मारी बिस्किटांच्या पाकिटावर वाचा, १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास साखर निघेल.

पंचावन्नमिनिटे

२०१८ च्या सुमारास आमच्या कॉलनीत दोन पक्ष होते, दीक्षित आणि दिवेकर. सकाळच्या फिरायच्या घोळक्यात निवडणुकीपेक्षा त्यावर जास्त वाद. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पक्षात. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही नाही. बायको ऋजुता दिवेकरांच्या पक्षात, पोळीवर तूप आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं. तिचंही उतरलं, म्हणून घरात शांतता आहे.

मला त्या दोन जेवणांतून एक गोष्ट सापडली. गोड खायचं तर ताटातच खायचं. आजीच्या वेळी शिकरण, गुळांबा, श्रीखंड पानात वाढलं जायचं, पोळीशी लावून खायचं, मग आमटी-भात, शेवटी ताकभात. हात धुतले की संपलं. जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून "आता काहीतरी गोड" हे आमच्याकडे हॉटेलांतून आणि टीव्हीसमोरून आलं. पानात असलं की मला एक वाटी पुरते. सोफ्यावर डब्याचा तळ लागतो. डॉक्टर गोड शक्य तितकं कमीच खा म्हणतात, ही सूट माझी मी घेतली, त्यांच्या माथी मारू नका.

सात महिन्यांत ९ किलो उतरलं. मग मुलीचं लग्न निघालं आणि ४ परत आलं. लग्नात रात्री अकराला पंगत बसते, त्यावर कोणाकडेच उपाय नाही.

गोळीनंतर

वरचं वाचून लिहायलाच हवं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची संख्या आपल्या मनाने कमी करू नका.

मी केली. संध्याकाळचं खाणं सोडलं, वजन भराभर उतरायला लागलं, खूश होतो. पण साडेसहाच्या सुमारास गोडाची अशी काही हुक्की यायची की हात थरथरायचे. एकदा ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचे पेढे आले होते, मी सहा खाल्ले, घामाघूम झालो होतो. घरी येऊन स्वतःला शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दुपारचंही अर्धंच जेवलो. त्या संध्याकाळी मुलीने हट्टाने बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर ५८.

डॉक्टरांनी सांगितलं, ७० च्या खाली गेली की आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बाकीचं नंतर. मग त्यांनी गोळीच कमी केली. ती संध्याकाळची हुक्की दोन दिवसांत गेली. सगळ्या गोळ्यांनी साखर अशी खाली येत नाही, पण काहींनी येते, तेव्हा आपली कोणती ते विचारून घ्या. सहा महिने मी तिला जिभेचे चोचले समजत होतो.

कुरडई

बापरे. हे माझ्या भावाला पाठवतेय.

काकवी

कोल्हापूरकडची. "साखर बंद, गूळ चालतो" या वाक्याने माझं वाटोळं झालं. माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीतून काढलेला गरम गूळ उसाच्या कांडक्याला गुंडाळून खात वाढलो आम्ही. त्यामुळे कुणी गूळ चालतो म्हटलं की मला सरकारी परवानगी मिळाल्यासारखं झालं. चहात गूळ, भाकरीबरोबर काकवी, शेंगदाण्याचा लाडू, वर "साखरविरहित" म्हणून खजुराचे लाडू. दीड महिन्यात तीन किलो वाढलं. साखर एक दाणा नव्हती घरात!

आहारतज्ज्ञ बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, गूळही बहुतेक साखरच, १०० ग्रॅमला कॅलरी जवळपास तेवढ्याच. त्यातलं लोह-बिह खरं, पण त्यासाठी पावशेर गूळ खायचा का? आणि खजुराच्या एका लाडवात पाच खजूर, काजू-बदाम, तूप. एका वेळी पाच खजूर मोजून घेतले असते तर मी घेतले नसते. लाडू मात्र दोन.

आता रोज जेवणानंतर सुपारीएवढा खडा, मोजून एक. डबा वरच्या फडताळात, स्टूल घ्यावं लागतं. स्टूल आणायचा कंटाळा हा माझा खरा डाएट प्लॅन.

रात्रपाळी

बाळंतिणीच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, आणि स्टाफला दोन्ही. नको म्हटलं तर आजीबाईंना वाटतं बाळाचा अपमान केला. माझी सगळ्यात वाईट वेळ पहाटे तीन ते चार. दिवसपाळीच्या आठवड्यात तोच पेढा समोर असला तरी हात जात नाही.

झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, हे आम्ही शिकलेलो असतो. शिकून उपयोग होत नाही, पेढा तोंडात गेल्यावर आठवतं. उपयोग झाला तो डब्याचा. मी घरून साडेआठला जेवून निघायचे आणि थेट सकाळी सातला चहा. म्हणजे पहाटे तीनला रिकामं पोट आणि समोर मिठाई. आता एक वाजता दोन उकडलेली अंडी आणि मूठभर फुटाणे. पेढा हातात घेते, बाळाला आशीर्वाद देते, आणि ड्रॉवरमधल्या डब्यात टाकते. तो डबा सकाळी मावशी आणि वॉचमन काका वाटून घेतात. महिन्यातून दोन-तीनदा माझ्यासाठीही उघडतो, लपवत नाही.

आठ महिन्यांत ४ किलो. फार नाही, पण पाळ्या तशाच असताना.

चौथादिवस

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस मला फक्त चॉकलेट हवं असतं, बाकी महिनाभर नाही. ते कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते. चार छोटी चॉकलेटं आणते, मोठी वडी आणत नाही. त्या आठवड्यात काट्यावर उभीच राहत नाही, पाणी धरल्यामुळे तो तसाही खोटं बोलतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे दुकानात प्रत्येक पाकिटावर "अॅडेड शुगर्स" अशी वेगळी ओळ असते, दह्यातली मूळची साखर किती आणि वरून किती ओतली ते कळतं. ती ओळ वाचायला लागल्यावर माझं फ्लेवर्ड योगर्ट सुटलं. आता साधं ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात बांधतो, चक्क्यासारखंच होतं. वेलची, केशर, एक चमचा साखर. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "श्रीखंड नाही म्हणायचं रे त्याला." बरोबर आहे तिचं. पण प्रथिनांमुळे पोट भरतं आणि अर्ध्या वाटीवर थांबता येतं.

फसलेलं: शून्य कॅलरीवाला गोडवा. दोन वर्षं कॉफीत, खिरीत, सगळीकडे घातला. वजन तिथेच आणि हुक्कीही तिथेच, कारण जिभेला तेवढंच गोड हवं असायचं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका असं सांगितलं. ती शिफारस मधुमेह असलेल्यांना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

म्हापशाची

आमच्याकडे डिसेंबर. शेजारणींकडून कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची ताटं येतात: नेवऱ्यो, दोदोल, बेबिंक. दिवाळीला आपलं फराळाचं ताट गेलेलं असतं, त्यामुळे नको म्हणायचा प्रश्नच नाही. मी आता फक्त बेबिंक खाते, बोटभर काप, बसून, पदर न् पदर सोडवत. बाकीचं मला खरं तर कधी एवढं आवडतच नव्हतं, हे पन्नाशीत कळलं.

तेहतीस

२०२३ च्या अधिक श्रावणात सासुरवाडीला गेलो. धोंड्याचं वाण म्हणून ३३ अनारसे. तेव्हा मी ८८ वरून ८२ वर आलो होतो आणि ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. सासूबाईंनी तांदूळ तीन दिवस भिजवून, गुळात पीठ मुरवून स्वतः तळले होते. मी "डाएटवर आहे" म्हटलं तर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त डबा झाकला. बायकोने गाडीत बसल्यावर अडीच तास तोंड उघडलं नाही.

आता जाण्याआधी फोन करतो. "आई, तुमचे अनारसे खायचेत, पण तिथेच, गरम, दोन. बरोबर बांधून देऊ नका." त्या तळतात, मी शेजारी उभा राहून खातो. त्यांना खाताना बघायचं असतं, डबा नेताना नाही. तरी निघताना पिशवीत काहीतरी निघतंच. गेल्या वेळी चकल्या होत्या.

एकविसावादिवस

मी वेगळं लिहिते, कुणाला उपयोगी पडलं तर.

"२१ दिवस साखर बंद" असं तीनदा केलं. तिन्ही वेळा बाविसाव्या दिवशी खोलीचं दार लावून खाल्लं. एकदा अर्धा किलोचा केक एकटीने. नंतर दोन दिवस जेवायचं नाही, मग पुन्हा तेच. वजन उतरायचं, त्यामुळे सगळे कौतुक करायचे, आणि मी पावत्या फाडून टाकायचे. शेवटी मैत्रिणीने समुपदेशकाकडे नेलं. तिथे पहिलं काम मिळालं ते म्हणजे तिन्ही वेळा पोटभर जेवायचं आणि रोज थोडं गोड सगळ्यांसमोर खायचं. सगळ्यांसमोर लाडू खायला मला तीन आठवडे लागले.

वजन सध्या बघत नाही. लपून खात असाल, खाल्ल्यावर उपाशी राहत असाल, तर इथल्या युक्त्या वापरू नका. कुणाशी तरी बोला.

रात्रपाळी

एकविसावादिवस, लिहिलंत ते बरं केलंत. स्टूल, वरचं फडताळ हे सगळ्यांसाठी नसतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नुसतावाचक

रात्रीचं जेवण झालं की लगेच दात घासा असं वाचलं होतं, टूथपेस्टच्या चवीवर गोड लागत नाही म्हणे. लागतं. काजूकतली तर छान लागते.

कुरडई

अकरा दिवस झाले, आता माझं सांगते. रात्रपाळीचं वाचल्यावर मी माझं रात्रीचं जेवण लिहून बघितलं. साडेसहाला एक वाटी सूप आणि काकडी. साडेनऊपर्यंत तीन तास स्वयंपाकघरातच, सगळ्यांना वाढत, गरम पोळ्या करत. वर "भूक नव्हती" असं मीच लिहिलंय, ते आता खोडावंसं वाटतंय.

आता सगळ्यांबरोबर आठला जेवते: भाकरी, उसळ, ताक, आणि पानात चमचाभर गुळांबा. अकरापैकी आठ रात्री फ्रिजपर्यंत गेले नाही. दोनदा गेले आणि पाणी पिऊन आले. एकदा खाल्लं, नवऱ्याशी भांडण झालं होतं त्या दिवशी, त्यावर गुळांबा पुरत नाही.

उरलेल्या कंडेन्स्ड मिल्कच्या वड्या केल्या. चौदा झाल्या. सहा मुलाच्या डब्यात, सहा खालच्या वॉचमनला. दोन सासूबाईंनी मागितल्या, त्यांना साखर आहे. आता तो धागा त्यांनी काढावा.