मदत हवी आहे: घोस्टडॅगमधला 'के' ठरवायचा कसा?

नमस्कार मंडळी. प्रूफ-ऑफ-वर्क चेनचा (बिटकॉइनसारखी, जिथे संगणकांची मेहनत खर्च करून व्यवहारांचे ब्लॉक जोडले जातात) वेग वाढवणं हा माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा विषय आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो. तो सेकंदावर आणला, तर एक ब्लॉक जगभर पोचेपर्यंत दुसरीकडे आणखी निघालेले असतात. साखळीत त्यातला एकच राहतो, बाकीच्यांची मेहनत पाण्यात. मग नेटवर्कच्या निम्म्याहून कमी संगणकीय ताकदीतही हल्ला जमतो. शिवाय मोठ्या मायनिंग पूलला (एकत्र ब्लॉक काढणाऱ्या गटाला) स्वतःचा ब्लॉक लगेच कळतो, मार खातो तो छोटा मायनर, म्हणजे एकट्याने ब्लॉक काढणारा. संशोधक सोम्पोलिन्स्की आणि झोहार यांनी २०१३ मध्ये घोस्ट (साखळी निवडताना बाजूला पडलेले ब्लॉकही मोजणारा नियम) मांडलं ते वेग वाढवूनही असा हल्ला जमू नये यासाठीच. कास्पा ही क्रिप्टोकरन्सी ज्यावर चालते ते घोस्टडॅग समांतर ब्लॉकही ठेवून घेतं: एकमेकांशी नीट जोडलेले निळे, बाकीचे लाल. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

प्रश्न 'के'चा, म्हणजे एका निळ्या ब्लॉकला समांतर जास्तीत जास्त किती निळे ब्लॉक चालतील या मर्यादेचा. सेकंदाला एक ब्लॉक असताना कास्पाचा 'के' १८ होता. तो ब्लॉक नेटवर्कभर पोचायला लागणाऱ्या, गृहीत धरलेल्या विलंबावरून निघतो. प्रत्यक्ष विलंब वाढला तर प्रामाणिक ब्लॉकही लाल पडतात. 'के' सैल ठेवला तर हल्लेखोराला वाव मिळतो.

माझ्या पायथन सिम्युलेशनमध्ये सध्या सगळ्या नोडना (नेटवर्कमधल्या संगणकांना) सारखाच विलंब आहे. खऱ्या नेटवर्कसारखा असमान विलंब देण्यासाठी कोणतं संभाव्यता वितरण (डिस्ट्रिब्युशन) घ्यावं? कोणी स्वतःचा नोड चालवत असेल तर ब्लॉक पोचण्याच्या वेळांचे लॉग मिळतील का? घोस्टडॅगनंतरचा डॅगनाइट हा प्रोटोकॉल 'के' आधी ठरवतच नाही. तो कोणी कोडमध्ये उतरवून पाहिलाय का?