संयुक्त पदवीत रसायनशास्त्राला वळसा घालून संरचनेचेच विषय घ्यावेत का?

प्रश्न : नवा_अभियंता

नमस्कार. स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या संयुक्त पदवी अभ्यासक्रमाचे माझे दुसरे वर्ष संपत आले आहे. गणित, स्थितिकी, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, द्रवयांत्रिकी, सर्वेक्षण आणि मृदा यांत्रिकीचा पहिला भाग हे सक्तीचे विषय झाले असून तिसऱ्या वर्षापासून ऐच्छिक विषयांची निवड सुरू होते. मला चौकटींचे विश्लेषण मनापासून आवडते आणि पुढे इमारती व पुलांच्या आरेखनात काम करण्याची इच्छा आहे. रसायनशास्त्राशी मात्र शाळा सुटल्यापासून फारसा संबंध उरलेला नाही, आणि जीवशास्त्राचे तर नावच नको असे वाटते.

पर्यावरण गटातला किमान एक विषय आम्हाला घ्यावाच लागतो. त्या गटात पर्यावरण रसायनशास्त्र, पाणी व सांडपाणी प्रक्रिया, जलविज्ञान, आणि भूजल व प्रदूषकांचे वहन असे चार पर्याय आहेत. वरच्या वर्गातले विद्यार्थी सांगतात की जलविज्ञान घेऊन मोकळे व्हावे, कारण त्यात पाऊस, पूर आणि आलेख एवढेच असते, आणि उरलेले सगळे क्रेडिट संरचनेच्या विषयांवर खर्च करावेत. माझी शंका अशी आहे की ही दोन क्षेत्रे एका पदवीत जोडलेली आहेत ती केवळ दोन विभागांच्या सोयीसाठी, की संरचनेत काम करणाऱ्यालाही दुसऱ्या बाजूचा खरोखर उपयोग होतो? होत असेल, तर या चारांपैकी नेमका कोणता विषय घ्यावा? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : सांडपाणी_आरेखक

जलविज्ञानात पाऊस, पूर आणि आलेख एवढेच असते असे ज्यांनी सांगितले, त्यांनी तो विषय बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला असावा. असो.

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे आरेखन करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. तुम्हाला आवडणाऱ्या विषयापासूनच सुरुवात करतो. चौकटींसाठी तुम्ही मोमेंट डिस्ट्रिब्युशनची पद्धत शिकला असाल : सगळे सांधे आधी जखडायचे, मग एकेक सांधा मोकळा करून असंतुलित मोमेंट (वाकवणारा परिणाम) वाटून द्यायचा, आणि उरलेले असंतुलन नगण्य होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. अभियंते हार्डी क्रॉस यांनी ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच क्रॉस यांनी १९३६ मध्ये पाण्याच्या नळजाळ्यांसाठीही तशीच पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक सांध्याशी येणारे आणि जाणारे पाणी जुळेल असे प्रवाह आधी अंदाजाने धरतात आणि प्रत्येक बंद वेढ्यातल्या हेड लॉसची (घर्षणाने होणाऱ्या दाबाच्या घटीची) बेरीज शून्याजवळ येईपर्यंत त्यांत दुरुस्ती करत जातात. ज्याला पहिली पद्धत मुळातून समजली आहे त्याला दुसरी शिकायला एक दुपार पुरते.

आता एका निवळण टाकीचे उदाहरण घेऊ. समजा, दिवसाला १०,००० घनमीटर पाणी एका आयताकृती टाकीतून जाते आणि टाकीचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर आहे. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागले की दिवसाला २५ मीटर असा वेग मिळतो. ज्या सुट्या कणांचा खाली बसण्याचा वेग याहून जास्त, ते सगळे आदर्श टाकीत तळाशी पोहोचतात. टाकीची खोली ३ मीटरऐवजी ४ मीटर केली, तर पाणी टाकीत थांबण्याचा काळ सुमारे २.९ तासांवरून ३.८ तासांवर जातो, आणि नवख्या माणसाला वाटते की आता पाणी जास्त निवळेल. पण कणाला मिळणारा वेळ ज्या प्रमाणात वाढला त्याच प्रमाणात त्याला कापायचे अंतरही वाढले, त्यामुळे सुट्या कणांच्या बाबतीत फायदा शून्य. (एकमेकांना चिकटून वाटेत मोठे होत जाणारे कण असतील तर खोलीचा काही उपयोग होतो, तो भाग प्रक्रियेच्या विषयात शिकवतात आणि तो वगळून चालत नाही.)

हाच जास्तीचा एक मीटर संरचनेच्या बाजूने बघा. तळाशी जखडलेली, वरून मोकळी अशी लांब भिंत धरली आणि ती काठापर्यंत भरली आहे असे मानले, तर तळाजवळचा मोमेंट पाण्याच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मीटरला भिंतीच्या दर मीटर लांबीमागे तो सुमारे ४४ किलोन्यूटन-मीटर येतो, तर ४ मीटरला सुमारे १०५. म्हणजे निवळण्यात काहीही भर न घालणाऱ्या एका मीटरसाठी भिंतीवरचा मोमेंट जवळजवळ २.४ पट झाला. प्रक्रियेचा आरेखक आणि संरचनेचा आरेखक यांनी एकमेकांचे कागद न वाचता काम केले, तर अशी भिंत निमूटपणे बांधली जाते आणि कोणालाच काही चुकले असे वाटत नाही.

जीवशास्त्र तर तुमच्या काँक्रीटमध्येच शिरलेले आहे. मोठ्या गटारवाहिनीचे काँक्रीट कुठे झिजत असेल असे विचारल्यावर बहुतेक विद्यार्थी तळाकडे बोट दाखवतात, कारण वाळू आणि पाणी तिथून वाहते. प्रत्यक्षात सर्वांत वाईट अवस्था पुष्कळदा माथ्याकडे, पाण्याच्या पातळीच्या वर असते. संथ वाहणाऱ्या, ऑक्सिजन संपलेल्या सांडपाण्यात काही जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात. त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू माथ्याच्या ओलसर पृष्ठभागावर विरघळतो आणि तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात. मग सिमेंटचा भाग जिप्सममध्ये बदलून पृष्ठभाग मऊ, पांढरट होतो, खरवडला की हातात येतो, आणि यथावकाश सळया उघड्या पडतात. केवळ काँक्रीटचा ग्रेड वाढवून यावर मात करता येत नाही. उतार पुरेसा देऊन प्रवाहाचा वेग राखणे, हवा खेळती ठेवणे आणि आतून आम्लाला टिकणारे अस्तर देणे हे उपाय करावे लागतात. माझ्या मते तुम्ही पाणी व सांडपाणी प्रक्रिया हा विषय घ्यावा.

उत्तर : पूल_आणि_तुळया

वरील उत्तरातली भिंत मला पटली, निष्कर्ष तितकासा पटला नाही. संयुक्त पदवीत संरचनेसाठी मिळणारे क्रेडिट आधीच तुटपुंजे असतात आणि ज्याला पूल व इमारती करायच्या आहेत त्याने पोलादी जोडांचा आणि गतिकीचा विषय सोडून दुसरीकडे भटकू नये.

कॅन्सस सिटीमधल्या हयात रिजन्सी हॉटेलातले लटकते पादचारी मार्ग १७ जुलै १९८१ रोजी कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात दोन्ही मजल्यांचे मार्ग एकाच अखंड सळईवर टांगलेले होते. बांधताना सोयीसाठी त्या सळईचे दोन तुकडे केले गेले आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला गेला. त्यामुळे वरच्या तुळईखालच्या नटावर एकाऐवजी दोन मार्गांचा भार आला. हे ओळखायला पहिल्या वर्षाची स्थितिकी पुरते, पण जोडाचे चित्र वाचण्याची सवय लागते, आणि ती सवय जोडांचा विषय नीट केल्याशिवाय अंगी बाणत नाही.

पर्यावरण गटातला एकच विषय घ्यायचा असेल तर तो रसायनशास्त्राचा घ्यावा, आणि त्याचे कारण शुद्ध स्वार्थी आहे. चांगल्या काँक्रीटचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) साडेबाराच्या वर असतो, म्हणून सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो पीएच नऊच्या आसपास उतरला किंवा क्लोराइड आत शिरले की गंज सुरू होतो. आपल्या बांधकामांचे आयुष्य ठरवणारी ही प्रक्रिया संरचनेच्या पुस्तकात पुष्कळदा दोन परिच्छेदांत आटोपलेली असते.

उत्तर : फळा_आणि_खडू

मी मृदा यांत्रिकी आणि भूजल असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे प्रश्नातल्या ‘विभागांच्या सोयीसाठी’ या शब्दांना उत्तर देणे मला भाग आहे.

कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले चिकणमातीच्या कन्सॉलिडेशनचे, म्हणजे भाराखाली पाणी निघून जाऊन हळूहळू खचण्याचे, समीकरण तुम्ही नुकतेच केले असेल. त्याचे रूप तेच आहे जे उष्णतेच्या वहनाच्या आणि पदार्थाच्या विसरणाच्या समीकरणाचे असते. त्यातून निघणारा एक निष्कर्ष असा की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चिकणमातीच्या थराच्या वर आणि खाली वाळू असेल तर पाणी दोन्हीकडे निघते. खाली अभेद्य खडक असेल तर पाण्याचा मार्ग दुप्पट होतो आणि जे खचणे दोन वर्षांत झाले असते त्याला आठ वर्षे लागतात. आता कचराभूमीच्या तळाशी अंथरलेल्या चिकणमातीच्या अस्तराकडे वळा. प्रदूषक केवळ विसरणाने पुढे सरकत असेल, तर अस्तर दुप्पट जाड केल्यावर त्याला पलीकडे पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. परीक्षेत पहिला प्रश्न बिनचूक सोडवणारे विद्यार्थी दुसऱ्यापुढे अडखळतात, याचे एकमेव कारण म्हणजे तो वेगळ्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत येतो.

मातीतून पाणी किती वेगाने झिरपते ते सांगणाऱ्या डार्सी यांच्या नियमाचेही तेच आहे. दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना त्यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून केलेले प्रयोग १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे नियमाचा उगमच पाणी गाळण्याच्या कामात आहे, आणि आज तो धरणाखालच्या झिरपण्यापासून पायाच्या खड्ड्यातल्या पाण्यापर्यंत सगळीकडे वापरला जातो. खोल पायाचा खड्डा कोरडा ठेवायचा असेल तर संरचनेच्या अभियंत्यालाही भूजल लागतेच.

पर्यावरणाच्या या विषयांकडे जाणारा रस्ता गणितातून जातो हेही पाहावे. नदीत सांडपाणी मिसळल्यावर ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो मिसळण्याच्या जागी नव्हे, तर बराच खाली. एकीकडे जिवाणू ऑक्सिजन खात असतात, दुसरीकडे हवेतून तो पाण्यात मिसळत असतो, आणि या दोन वेगांच्या झगड्यातून तो खोलगट आलेख तयार होतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये हे गणिताने मांडले. समीकरण पहिल्या घाताचे, साधे आहे. मात्र दोन्ही वेगस्थिरांक समान झाले की नेहमीचे सूत्र शून्य भागिले शून्य देते, आणि दरवर्षी अर्धा वर्ग तिथे गणकयंत्राकडे संशयाने पाहत बसतो. ज्यांनी मूळ अवकल समीकरण पुन्हा सोडवले, ते दोन ओळींत बाहेर पडतात. म्हणून गणिताचे सक्तीचे विषय नुसते उत्तीर्ण होऊन मागे टाकू नयेत.

माझी शिफारस भूजल व प्रदूषकांचे वहन या विषयाची राहील. जीवशास्त्राचा धाक वाटत असेल तर त्यात ते सर्वांत कमी आहे.

नवा_अभियंता :

तिघांचेही मनापासून आभार. तीन उत्तरांत तीन वेगळे विषय सुचवले गेल्यामुळे थोडा पेच झाला, पण भिंतीच्या मोमेंटचे गणित मी स्वतः करून पाहिले आणि ते बरोबर आले. नियमावली पुन्हा वाचल्यावर कळले की सांडपाणी प्रक्रियेसाठी आधी रसायनशास्त्र करणे बंधनकारक आहे, भूजलासाठी तशी अट नाही, आणि चौथ्या वर्षात आणखी एक विषय या गटातून घेण्याची मुभा आहे. मग तिसऱ्या वर्षी रसायनशास्त्र घेतले तर शाळेतल्या ज्ञानावर ते झेपेल का? आणि प्रयोगशाळेत नेमके काय करावे लागते?

उत्तर : फळा_आणि_खडू

झेपेल. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या लांबलचक अभिक्रिया तिथे फारशा नसतात; मुख्य भर आम्ल-अल्क समतोल, कार्बोनेटची व्यवस्था, अवक्षेपण आणि ऑक्सिडीकरण-क्षपण यांवर असतो. हे सगळे शेवटी वस्तुमानाचा आणि विद्युतभाराचा ताळेबंद जुळवणे आहे, आणि ताळेबंद तर तुम्ही प्रत्येक सांध्यावर मांडतच आला आहात. सुट्टीत फक्त लॉगॅरिथमचा सराव परत करून ठेवावा.

प्रयोगशाळेत बीओडीची (जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याची) चाचणी नक्की असेल आणि ती घाई करणाऱ्याला हटकून पकडते. नमुना विरळ करून बाटलीत भरायचा, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बाटली अंधारात २० अंश सेल्सियसला पाच दिवस ठेवायची. शेवटी बाटलीत दर लिटरमागे निदान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरलेला असावा आणि निदान २ मिलिग्रॅम खर्च झालेला असावा, तरच तो आकडा धरतात. नमुना कमी विरळ केला तर ऑक्सिजन आधीच संपतो आणि पाच दिवसांनी हाती काहीच लागत नाही; म्हणून एकाच नमुन्याच्या वेगवेगळ्या प्रमाणात विरळ केलेल्या बाटल्या लावाव्यात, मदतनीस नको म्हणाला तरीही.

उत्तर : सांडपाणी_आरेखक

अट आहे म्हटल्यावर माझा आग्रह मागे घेतो. आधी रसायनशास्त्र, आणि चौथ्या वर्षी प्रक्रिया की भूजल हे तेव्हा ठरवावे. तयारी झाली आहे का हे पाहायचे असेल तर एक गणित सांगतो : कोणतेही प्रदूषण नसलेल्या पावसाच्या पाण्याचा पीएच सात नसून सुमारे ५.६ का असतो, ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणापासून सुरुवात करून कागदावर काढून दाखवा. हेन्रीचा नियम (वायू पाण्यात किती विरघळतो ते सांगणारा) आणि एक समतोल स्थिरांक एवढेच लागते. अडलात तर कुठे अडलात ते इथेच लिहा, मी पाहीन.