कणकेची चिमणी आणि ‘काही नाही, रोजचंच’

तव्यावरची
आज सकाळी कणीक मळून झाली. शेवटचा गोळा हातात फिरवता फिरवता बघते तर चोच निघालेली! मग शेपटी चिमटीत दाबली, डोळ्यांना दोन मिरे लावले, आणि लक्षात आलं की ही घ्यायला ओट्यापाशी कोणी उभंच नाहीये. लेक १९ वर्षांची घोडी झालीय, जुलैपासून हॉस्टेलला असते.

फोटो सगळ्याचे आहेत. बारसं, बोरन्हाण, पहिलीचा गणवेश. चिमणीचा एकही नाही. काढणार कोण, दोन्ही हात कणकेत.

तेव्हा सासूबाई रोज संध्याकाळी फोन करायच्या, काय गं आज? मी म्हणायचे, काही नाही, रोजचंच. त्या ‘रोजचंच’मध्ये काय काय होतं ते आज दिवसभर एकेक आठवतंय. दुधावरची साय काढ म्हणून रडणं, काढली की परत घाल म्हणून रडणं. एकाच पायात बूट घालून दारात बसून राहणं. निरांजन लावलं की लग्गेच फुंकर, वाढदिवस समजून.

तुमचं रोजचंच काय होतं किंवा आहे, ते लिहा. मोठे प्रसंग नकोत, ते सगळ्यांकडे असतात.

झणझणीत_मिसळ
आमच्याकडे फक्त साप. मला तेवढाच येतो हे पोराला कळलंय, त्यामुळे तो मागतोही सापच. नवरा मूळचा पेणचा, त्याने एकदा कणकेचा गणपती केला. सोंड बिंड, एकदम झकास. आता तो तव्यावर भाजायचा कसा हे धर्मसंकट! शेवटी वाटीभर दुधात विसर्जन केलं, पोरगं तासभर मोरया ओरडत होतं.

कावेरी२
साप +१. आणि अर्धा कच्चाच पोटात जातो ते वेगळंच.

बदलापूर_६_५२
गाडीत उभ्याने लिहितोय, चुका पोटात घाला.
मुलगी २०१७ ची. मी ६.५२ पकडायचो, घरी यायला साडेनऊ. जाताना झोपलेली, येताना झोपलेली. रविवारी काय ती भेट. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ऑफिस घरात आलं. पहिल्या सोमवारी उठली, मला बघितलं, आईला विचारते, आज रविवार? मंगळवारी परत तेच. दोन आठवडे आमच्याकडे रोज रविवार होता.
दुपारी चार वाजता माझी मुलगी काय करते हे मला अडीच वर्षं माहीत नव्हतं. ती खिडकीच्या ग्रिलला धरून समोरच्या बांधकामावरच्या क्रेनशी बोलायची. काम बंद, क्रेन जागच्या जागी उभी. ही तिला रोज म्हणायची, ऊठ, ऊठ ना, चहा झाला.
हे कुठे बोलत नाही मी. त्याच वर्षी खालचे काका गेले, आमच्या डब्यातल्या दोघांची नोकरी गेली. चांगलं वर्ष होतं असं तोंडाने म्हणवत नाही. पण माझी पोरगी मला त्या वर्षी भेटली, खोटं कशाला बोलू.
आता परत ६.५२ च आहे. उतरतो.

कावेरी२
क्रेनला चहा :) वाचून भाजी लागली माझी.

तव्यावरची
@बदलापूर, असंच पाहिजे होतं. कावेरी, कुठली भाजी?

कावेरी२
फरसबी. तशीही कोणी खात नाही.

जुळ्यांची_आई
सॉरी, पण मी वेगळं लिहिणार आहे. दोन मुलं, १४ महिने. काल रात्री एकूण तीन तास झोप, तीही तुकड्यातुकड्यांत. एकाला दात येतायत, दुसऱ्याला पहिला रडतोय म्हणून रडायचंय. सगळे म्हणतात हे दिवस परत येत नाहीत, एन्जॉय कर. मनात येतं, नकोच येऊ देत. मला कृतज्ञ बितज्ञ काही वाटत नाहीये. केस विंचरून दोन दिवस झाले.

झणझणीत_मिसळ
अगं सॉरी काय! कुठे राहतेस? पुण्यात असलीस तर डबा आणून देते, सिरियसली.

तव्यावरची
जुळ्यांची आई, एक खरं सांगू? पहिली चिमणी मी प्रेमाने नव्हती केली. ती पायाला विळखा घालून किंचाळत होती, कुकरची शिटी होत नव्हती, मी इतकी वैतागले की हातातला गोळा तिच्याकडे भिरकावणारच होते. त्याऐवजी चोच काढली. गप्प बसावी म्हणून. आज वीस मिनिटं त्या चिमणीकडे बघत बसले ते लेक लांब आहे म्हणून, आणि रात्री झोप होते म्हणून. तू आत्ता काही वाटून घेऊ नकोस.

जुळ्यांची_आई
:( थँक्यू. नाशिकला असते. उठला एक.

पेठेतला_आजोबा
नमस्कार. माझा जन्म १९५३ चा. आमचे कुटुंब वाड्यात, चुलते-चुलत्या धरून सतरा माणसे. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणे बरे दिसत नसे. पुतण्याला खांद्यावर बसवून मंडईत न्यायला हरकत नव्हती, स्वतःच्या मुलाला मात्र नाही. माझा मुलगा ओसरीवर रांगत माझ्या पायाशी येई, धोतराचा सोगा धरून उभा राही, आणि मी वर्तमानपत्र वाचत असे. वाचत म्हणजे धरून बसत असे. मग मधले काका येऊन त्याला उचलत. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा माझ्या पाठीवर असे. म्हणजे सर्वांची मुले सर्वांच्या अंगावर, फक्त आपापली सोडून!
आता नात तीन वर्षांची आहे. दर रविवारी मुलगा तिला मांडीवर घेऊन नखे काढतो. वीस नखे आणि प्रत्येक नखाला एक गोष्ट. बहुतेक वेळा चिऊ-काऊचीच. परवा तिने मला विचारले, आजोबा, तुम्ही बाबाची नखे काढायचात का? मुलगा मान खाली घालून नखे काढत राहिला. मी म्हणालो, आजी काढायची.
रविवारी त्या वेळी मी मुद्दाम समोरच्या खुर्चीत बसतो. वर्तमानपत्र घेत नाही.
जाता जाता : पेशवे पार्कची फुलराणी १९५६ साली सुरू झाली. मी त्या गाडीत बसलो आहे, मुलगा बसला आहे आणि आता नातही बसून आली. ती मात्र इंजिनापेक्षा तिकिटावर खूश होती.

बदलापूर_६_५२
आजोबा, नमस्कार. वर्तमानपत्र घेत नाही हे वाचून थांबलो जरा.

मुक्कामी_गाडी
तिकिटावरून आठवलं. मी एसटीत कंडक्टर. निम्मा महिना मुक्कामी गाडी, म्हणजे रात्र कुठल्यातरी गावात, गाडीतच. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. मशीनच्या कागदाचा रोल संपत आला की शेवटचा बारका तुकडा पोरासाठी ठेवतो. त्याचा धंदा घरात जोरात आहे. सैपाकघर ते मोरी पाच रुपये, आज्जीला हाफ तिकीट. आई सुट्टे नाहीत म्हणली की तिला उतरवतो. मी घरात शिरलो की मला म्हणतो, चला पुढं सरका, आत जागा आहे. आमच्याच आवाजात. शेजारीपाजारी हसून मरतात.
बायको म्हणते डॉक्टर इंजिनेर कायतरी खेळ की. मला मनातनं बरं वाटतं.

झणझणीत_मिसळ
आज्जीला हाफ! नियमाने वागतोय पोरगा.

कोरडा_खाऊ
माझ्या मुलीचा वाढदिवस १ जून. पहिली एसटी त्याच तारखेला धावली, १९४८ ला, पुणे ते अहमदनगर. उगाच सांगितलं.

मुक्कामी_गाडी
१ जून खरी का गुरुजींनी लावलेली? आमच्या घरात चार जण १ जूनचे आहेत, आज्जा धरून.

कोरडा_खाऊ
हाहा, खरी. जन्मदाखला आहे हो. पण शाळेत बाईंनीही हेच विचारलं.

मात्शहोजे
जर्मनीहून. इथे थंडीत दोन वर्षांच्या पोराला बाहेर काढणं म्हणजे चंद्रावर माणूस पाठवणं. आतले कपडे, वरचे कपडे, चिखलात खेळायची रबरी विजार (तिलाच मात्शहोजे म्हणतात, माझं नाव त्यावरून), बूट, टोपी, हातमोजे. वीस मिनिटं. झिप वरपर्यंत गेली की तो शांतपणे सांगतो : शी.
ना मावशी, ना शेजारच्या काकू. माझी आई सांगलीला. थंडीत साडेचार तासांचा फरक, आम्ही सहाला जेवायला बसतो तेव्हा तिकडे साडेदहा. ती जागी राहते आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते, तिकडून हात पुढे करते : हा घास काऊचा, हा चिऊचा. भरवते मी, पण तो तोंड उघडतो तिच्या हाताकडे बघून. मध्ये एकदा नेट अडकलं, ती घास धरलेल्या हातानिशी तशीच थिजली. हा तोंड उघडून बसलेला. इतकं हसलो आम्ही दोघं, आणि मग मला रडू आलं. तिला फोन लागल्यावर काही सांगितलं नाही. भात होता म्हटलं.

कावेरी२
‘शी’ला +१००. इथे चप्पल घातली तरी येते, रबरी विजारीची गरज नाही.

वाटाणा
मी मराठी घरातली, इंदूरची. मुलगा आता साडेचार वर्षांचा. ३१ व्या आठवड्यात झाला, १४०० ग्रॅम. पहिले सव्वीस दिवस काचेत. रडायचा तर आवाज यायचा नाही, मांजरीच्या पिल्लासारखं नुसतं तोंड उघडायचं. मग छातीवर उघडं ठेवायला सांगितलं, कांगारूसारखं, अंगाला अंग. तासन्‌तास तशीच बसायचे. तिथल्या आया मावशी रात्रपाळीला असल्या की माझ्या पाठीला उशी लावायच्या आणि म्हणायच्या, घर ले जाओगी ना, तब इतना रोएगा कि पछताओगी.
काल भर बाजारात आडवा पडला, फुगा पाहिजे म्हणून. सराफ्यापर्यंत ऐकू जावं असा टाहो. लोक बघत होते. मी उभी राहून ऐकत होते. नवरा म्हणाला, अगं उचल ना त्याला. म्हटलं, थांब जरा.
फुगा घेतला नाही.

झणझणीत_मिसळ
काय लिहू... मावशींना दंडवत.

नलूबाई
कमी वजनाची बाळं गुटीने धरतात. वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बदाम, खारीक. सहाणेवर एकेक वळसा, जास्त नाही. माझी तिन्ही त्यावर वाढली.

कोरडा_खाऊ
नलूबाई, राग मानू नका, सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काही देऊ नका असंच डॉक्टर सांगतात. पाणीसुद्धा नाही. लवकर आलेल्या बाळाला तर मुळीच नाही.

नलूबाई
राग नाही. सुनेनेही हेच सांगितलं. सहाण धुऊन ठेवली आहे, आता तिच्यावर गंध उगाळते. पण नातू आला की ती सहाण ओढत नेतो आणि त्यावर खडू घासतो, म्हणतो आजी औषध घे. मी घेते.

कावेरी२
खडूवरून, आमची दीड वर्षाची खडू आणि भिंतीची माती खाते. काय करावं?

कोरडा_खाऊ
रक्त तपासून घ्या, लोह कमी असलं की असं होतं. ओरडू नका फक्त.

कावेरी२
उद्याच जाते. विषय भरकटवला, सॉरी.

पेठेतला_आजोबा
भरकटू द्या. वाड्यातही गप्पा अशाच चालत.

मुक्कामी_गाडी
ताई, मूळ चिमणीचं काय झालं?

तव्यावरची
अरे हो. भाजली मंद आचेवर. फोटो काढून लेकीला पाठवला (यावेळी हात धुऊन). तिचा मेसेज : आई, मेसची पोळी हिच्यापेक्षा कडक असते. मग पाच मिनिटांनी : तेव्हा डोळ्यांना मिरे नव्हते, मोहरी होती.
मी पैजेवर सांगते मिरेच होते. मोहरी कशी दिसेल? पण ती हटून बसलीय, मी काढून टाकायचे आणि मग खायला द्यायचे तेही तिला आठवत नाही. म्हणजे आम्हा दोघींकडे दोन वेगळ्या चिमण्या आहेत.
संध्याकाळी बघते तर ताटली रिकामी. नवऱ्याने चहाबरोबर खाल्ली, मिऱ्यांसकट. वर म्हणतो, मीठ नव्हतं.

झणझणीत_मिसळ
अरारा. आता साप करा, कोणी हात लावणार नाही.

मात्शहोजे
मोहरीचे डोळे, हाहा. उद्या करते. इथलं पीठ कणकेसारखं मळलं जात नाही पण बघू.

नलूबाई
कोमट पाणी घाल आणि झाकून ठेव अर्धा तास.

जुळ्यांची_आई
मधलं सगळं आत्ता वाचलं. मिसळताई, मेसेज केलाय, तुमची नाशिकची बहीण खरंच येणार आहे का उद्या? आली तर मी फक्त अंघोळ करणार. केसांवरून.
दोघं झोपलेत. एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडावर आहे, काढत नाही, उठतील.